डिसेंबरअखेरीस ताश्कंद: सासूबाई, मुलगा आणि पाच दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून चौघंजण, म्हणजे नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, २८ डिसेंबरपासून पाच दिवस उझबेकिस्तानच्या राजधानीत, ताश्कंदला जायचं म्हणतायत. सगळे शाकाहारी. मुलाला बर्फात खेळायचंय. सासूबाईंना शास्त्रीजींचा पुतळा बघायचाय, कारण शास्त्रीजींच्या ताश्कंदमधल्या निधनाची बातमी त्यांनी लहानपणी रेडिओवर ऐकली होती. आणि घरचे म्हणतायत, "हिवाळ्यात तिथे बघणार काय? गोठून मराल." तर जावं का, आणि कपडे काय न्यावेत?

जा. मी २०१४ पासून तिकडे गट घेऊन जाते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या डिसेंबर-जानेवारीतल्या आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण आधी मनातलं चित्र पुसून टाका. बर्फाच्छादित घुमट, भुरभुरता हिम, त्यात लाल कोट घातलेलं कुटुंब, असे फोटो ताश्कंदमध्ये वर्षातून चार-सहा दिवस मिळतात. एरवीचा तिथला हिवाळा करडा, ओलसर आणि छोट्या दिवसांचा असतो. शहर आपली मजा छपराखाली हलवतं: जमिनीखालच्या मेट्रोत, बाजाराच्या घुमटाखाली, थिएटरात, चहाच्या किटलीभोवती. हे एकदा मान्य केलं की सहल सुखाची होते. जे लोक तिथे जाऊन आकाशाकडे बघत बसतात, ते नाराज होऊन परततात.

थंडी किती, तर जानेवारीत दुपारी पारा साधारण ५ ते ७ अंशांवर असतो आणि रात्री शून्याच्या दोन-तीन खाली जातो. थंडीच्या लाटेत निफाडला पहाटे पारा जिथे टेकतो, तिथे ताश्कंदची दुपार असते. उझबेक लोक या काळाला ‘चिल्ला’ म्हणतात. साधारण २५ डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा हा चाळिशीचा कडाका. काश्मीरच्या चिल्लई कलानचंच हे भावंड, शब्दही तोच. तुमच्या तारखा त्याच्या तोंडावर आहेत, म्हणजे थंडी असेल, पण जीवघेणी सहसा नसते.

‘सहसा’ म्हणाले, कारण जानेवारी २०२३ मी विसरलेले नाही. त्या वर्षी पारा उणे २० च्या आसपास गेला. गॅसचा दाब पडला, वीज जायला लागली. तिथल्या बऱ्याच गाड्या मिथेन वायूवर चालतात. ते पंप बंद झाले आणि रस्त्यावरच्या टॅक्स्या एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. इतका गदारोळ झाला, की राष्ट्राध्यक्षांनी शहराच्या हाकिमाला, म्हणजे महापौराला, पदावरून काढलं. आमच्या हॉटेलात रेडिएटर कोमट होऊन होऊन थंडगार झाले, आणि अकरा जणांनी दोन खोल्यांत, अंगात कोट ठेवूनच, गप्पा मारत रात्र काढली. तेव्हापासून हॉटेल ठरवताना मी नाश्त्यात काय आहे हे विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारते: स्वतःचा बॉयलर आहे का, आणि जनरेटर आहे का. तुम्हीही विचारा. सासूबाई बरोबर आहेत म्हणून तर नक्कीच. असा हिवाळा काही दर वर्षी येत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आता कपडे. पुण्यातून निघणाऱ्या माणसाची पहिली चूक म्हणजे ढोपरापर्यंतचा भलामोठा कोट विकत घेणं. तिथल्या जुन्या सोव्हिएत धाटणीच्या इमारतींना एकाच ठिकाणाहून गरम पाण्याचे नळ फिरवून ऊब दिलेली असते, आणि ती कमी-जास्त करायचं बटण तुमच्या हातात नसतं. बाहेर २ अंश, आत २५. दुकानात, रेस्टॉरंटात, मेट्रोत शिरलं की पाच मिनिटांत घाम फुटतो, आणि त्या घामासकट बाहेर पडलं की सर्दी ठरलेली. म्हणून कांद्यासारखे थर घाला: आत पातळ थर्मल, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं हलकं जॅकेट. स्वेटर पुढून उघडणारा घ्या. डोक्यावरून ओढायच्या स्वेटरशी दिवसात आठ वेळा झटापट करणाऱ्या आजी मी पाहिल्यात. सासूबाई साडी नेसणार असतील तर आत लोकरी लेगिंग आणि वर लांब जॅकेट चालतं. फक्त निऱ्या दोन बोटं वर घ्यायला सांगा, नाहीतर काठ दिवसभर ओला राहतो.

खर्च करायचा तर बुटांवर करा. ताश्कंदमध्ये बर्फ पडतो, दोन दिवस राहतो, आणि मग त्याचा राडा होतो. अगदी आपल्या भाषेतला राडा, करडा-काळा, घोट्यापर्यंतचा. रात्री तोच गोठतो आणि सकाळी काचेसारखा होतो. वर या शहराला गुळगुळीत दगडाची फार हौस! भुयारी मार्गांच्या पायऱ्या, मशिदींची अंगणं, सरकारी इमारतींच्या कडेचे पदपथ सगळे चकचकीत. पुण्यातले स्पोर्ट्स शूज तिथे कुचकामी. घोटा झाकणारे, पाणी न झिरपणारे, खाली खोल खाचा असलेले बूट हवेत. आणि बर्फावर पेंग्विनसारखं चालायचं, पाय थोडे फाकवून, बारकी पावलं टाकत. लाज वाटायचं कारण नाही, तिथल्या बायका उंच टाचांवर कशा चालतात हे मला आजही कळलेलं नाही.

दुसरा धोका कुणी सांगत नाही, तो ‘आरिक’चा. ताश्कंदच्या रस्त्यांच्या कडेनं उघडे पाट वाहतात, उन्हाळ्यात झाडांना पाणी देण्यासाठी केलेले. आपल्याकडच्या उसाच्या पाटासारखेच, फक्त सिमेंटचे आणि बरेचदा गुडघाभर खोल. हिवाळ्यात त्यांत पाणी नसतं, पानं आणि बर्फ भरलेला असतो, आणि वरून सपाट जमीन वाटते. आमच्या गटातले एक काका टॅक्सीतून उतरताना थेट आरिकमध्ये उतरले आणि उरलेले तीन दिवस घोट्याला पट्टी बांधून हॉटेलच्या लॉबीत बसले. त्यामुळे नियम असा: गाडीतून उतरताना आधी खाली बघायचं, मग पाय ठेवायचा, आणि सासूबाईंना नेहमी पदपथाच्या बाजूनं, हात धरून उतरवायचं.

त्या दिवसांत पावणेआठच्या सुमाराला उजाडतं आणि पाचला सूर्य मावळतो. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे असल्यामुळे शरीराला फरक जाणवत नाही, पण संध्याकाळी पाचलाच आठ वाजल्यासारखं वाटतं. म्हणून सकाळी घाई करू नका. नाश्ता निवांत करा, दहाला बाहेर पडा, अकरा ते तीन उघड्यावरचं सगळं उरका, आणि अंधार पडला की छपराखाली जा.

छपराखालचं पहिलं ठिकाण मेट्रो. १९७७ मध्ये सुरू झालेली ही मध्य आशियातली पहिली मेट्रो. १९६६ च्या भूकंपानंतर बांधलेली, म्हणून धक्के सोसेल अशी, आणि शीतयुद्धातली म्हणून अणुहल्ल्यात आसरा मिळेल अशीही. याच कारणानं २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती. माझ्या पहिल्या काही फेऱ्यांत कॅमेरा बाहेर काढला की पोलीस शिट्टी मारत यायचा. आता खुशाल काढा. तिकीट आपल्या वीस-पंचवीस रुपयांचं, आणि बाहेर पडला नाहीत तर त्याच तिकिटात एका स्थानकावरून दुसऱ्यावर फिरता येतं.

तुमच्या मुलाला ‘कोस्मोनावत्लार’ स्थानकावर न्या. निळ्या सिरॅमिकच्या भिंती, त्यांवर गोल चौकटींत अंतराळवीर: युरी गागारिन, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा, आणि त्यांच्या रांगेत पंधराव्या शतकातला समरकंदचा खगोलज्ञ राजा उलुगबेगही. हे स्थानक १९८४ च्या डिसेंबरात उघडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून वर गेले होते. मुलाला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे उभं राहायला त्याला कारण मिळेल. ‘अलिशेर नवोई’ स्थानकाचे घुमट बघताना सासूबाई मान वर करून उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या मागे कुणीतरी उभं राहा, कारण गर्दी धक्का देत नाही पण थांबतही नाही. ‘पख्ताकोर’ म्हणजे कापूस पिकवणारा, तिथल्या भिंतींवर कापसाची बोंडं मोझाइकमध्ये उमललीत. आमच्या गटातल्या एका यवतमाळच्या बाईंनी ती बोंडं बोटांनी मोजली होती. एक अडचण मात्र आहे: सरकते जिने सगळीकडे नाहीत, पायऱ्या पुष्कळ. गुडघे दुखत असतील तर चार स्थानकं निवडा आणि बाकीच्या वेळी यांडेक्स अ‍ॅपवरून टॅक्सी मागवा. टॅक्सी स्वस्त आहे, आणि भाडं आधीच दिसतं.

चोर्सू बाजार मेट्रोच्या दारातच आहे. मोठा निळसर घुमट, खाली मांस आणि दुधाचे पदार्थ, वरच्या गोल सज्जात सुका मेवा आणि मसाले. शाकाहारी माणसानं खालच्या मजल्यावर नाक मुठीत धरून जायचं आणि सरळ जिना चढायचा. वर जर्दाळू, बेदाणे, बदाम, अक्रोड यांचे डोंगर लागतात. विक्रेता हातावर ठेवतो, चाखून बघायचं, नको असेल तर छातीवर हात ठेवून "रहमत", म्हणजे धन्यवाद, म्हणायचं. ‘नवात’ नावाची पिवळसर खडीसाखर तिथे चहाबरोबर खातात. सासूबाईंच्या खोकल्यासाठी पाव किलो घेऊन ठेवा. ‘कुर्त’ म्हणून पांढऱ्या गोळ्या दिसतील, त्या पेढ्यांसारख्या दिसतात म्हणून मुलाला देऊ नका. तो वाळवलेला, खारट, आंबट चक्का असतो. माझ्या गटात दर वर्षी एक तरी बळी जातोच.

हिवाळ्यातली फळं मात्र मनसोक्त खा. डाळिंब, ज्याला ते ‘अनोर’ म्हणतात, संत्री, आणि ‘खुर्मा’: टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ. कच्चं असेल तर जीभ आवळते, पिकलेलं असेल तर चमच्यानं खावं असं जेलीसारखं. बोटानं दाबून अगदी मऊ लागेल तेच घ्या.

बाजाराबाहेर बायका जुन्या बाबागाड्यांतून पाव विकतात. गाडीत बाळाच्या जागी गोधडीत गुंडाळलेले ‘नोन’ असतात, तंदुरातून आलेले, जाडजूड कडांचे, मधोमध फुलासारखा ठसा मारलेले. तीन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवते. थंडी चांगली होती. बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घातलेल्या एका आजींनी गोधडीचं टोक उचललं, आणि वाफेनं माझा चष्मा पांढरा झाला. मी पुसेपर्यंत त्यांनी पाव माझ्या कोटाच्या आत, थेट छातीशी सरकवला आणि वरून चेन ओढून दिली. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण पाव आणि माणूस दोन्ही गरम ठेवायची ही रीत मला पटली. तेव्हापासून मी तसाच नेते. एक पथ्य: नोन उलटा ठेवायचा नाही, आणि सुरीनं न कापता हातानं मोडायचा. जमिनीवर पडलेला तुकडा तिथले लोक उचलून उंचावर ठेवतात. सासूबाईंना हे सांगायची गरजही पडणार नाही.

आता खाण्याचा खरा प्रश्न. ताश्कंदमध्ये शाकाहारी राहता येतं, पण गाफील राहून नाही. प्लोव्ह, म्हणजे मटण घातलेला पुलाव, हा त्यांचा जीव की प्राण. टीव्ही टॉवरजवळ भल्यामोठ्या कढयांत तो शिजतो आणि दुपारपर्यंत संपतोही. कढया बघायला जरूर जा, कारण त्या थंडीत त्या वाफेजवळ उभं राहणं हेच सुख आहे. पण ‘मटणाचे तुकडे बाजूला काढून भात खाऊ’ असा विचार असेल तर सोडा. तो भात तेलाबरोबर ‘दुंब्या’वर, म्हणजे मेंढीच्या शेपटीच्या चरबीवर, परततात. हीच गोष्ट भोपळ्याच्या समोशाची. ‘कोवोक सोम्सा’ म्हणजे तंदुराच्या भिंतीला चिकटवून भाजलेला लाल भोपळ्याचा समोसा, गोडसर आणि मिरपूड घातलेला. थंडीत त्याच्यासारखं काही नाही. पण बरेच जण त्यातही चरबीचे खडे घालतात. म्हणून दोन शब्द पाठ करा: ‘गोश्तसिझ’ आणि ‘दुंबासिझ’. ‘सिझ’ म्हणजे विना. फक्त ‘गोश्तसिझ’ म्हणून भागत नाही, कारण मांसाच्या पाण्यातलं सूप त्यांच्या हिशेबात मांस नसतं.

आणि कृपा करून हॉटेलात ‘सब्झी, सब्झी’ म्हणू नका. उझबेक भाषेत सब्झी म्हणजे गाजर. आमच्या एका गटाला एका संध्याकाळी नुसत्या गाजराच्या चार बशा आल्या होत्या, आणि वेटर कौतुकानं बघत उभा होता. ओळखीचे शब्द भरपूर भेटतील: पियोझ म्हणजे कांदा, चोयनाक म्हणजे चहाची किटली, पियोला म्हणजे प्याला, दोस्त म्हणजे दोस्तच. मुगाला ‘मोश’ म्हणतात आणि मूग-तांदळाच्या पदार्थाला ‘मोशकिचिरी’. होय, खिचडीच, पण नेहमीच्या करण्यात तीतही मांस असतं, तेव्हा आधी विचारा.

मग खायचं काय? नाश्त्याला नोन, त्यावर ‘कायमाक’, म्हणजे आपली दाट साय, आणि मध. दुपारी भोपळ्याची मांती (वाफवलेली, मोमोची मोठी बहीण), तीही वरचे दोन शब्द वापरून. आणि चोर्सूतल्या कोरियन बायकांच्या गाळ्यांवरची ‘मोर्कोव्चा’. स्टालिननं १९३७ मध्ये रशियाच्या पूर्व टोकाकडच्या कोरियन लोकांना उचलून मध्य आशियात आणून टाकलं. त्यांना इथे किमचीसाठी नेहमीची कोबी मिळेना, मग त्यांनी गाजर धरलं. लसूण, व्हिनेगर, लाल तिखट आणि भरपूर धणे घातलेली गाजराची ही कोशिंबीर पहिल्याच घासाला घरची वाटते. नोनमध्ये गुंडाळून खा. बाकी भारतीय रेस्टॉरंटं शहरात आहेत, एखाद्या रात्री वरण-भातावाचून जीव कासावीस झाला तर जा. थेपले, दशम्या, मेतकूट न्याच, पण त्यातच पाच दिवस काढू नका.

चहा मागाल तेव्हा हिरवा येईल, दूध-साखरेविना. यजमान पहिला चहा प्याल्यात ओतून परत किटलीत ओततो, असं तीनदा. मग तुम्हाला अर्धाच प्याला देतो. यात कंजूषपणा नाही. कमी ओतणं म्हणजे पुन्हा पुन्हा भरून द्यायची इच्छा, आणि काठोकाठ भरला तर समजायचं, पाहुण्यांनी आता निघावं.

संध्याकाळसाठी नवोई ऑपेरा आणि बॅले थिएटर. उन्हाळ्यात हे बंद असतं, म्हणजे हिवाळ्यात जाणाऱ्याचाच फायदा. मॉस्कोत लेनिनची समाधी बांधणाऱ्या शुसेव्हचा हा आराखडा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी युद्धकैद्यांनी इथे राबून बांधकाम केलं आणि १९४७ मध्ये ते उघडलं. २६ एप्रिल १९६६ च्या पहाटे भूकंपानं जुनं ताश्कंद भुईसपाट झालं, सुमारे तीन लाख लोक बेघर झाले, पण हे थिएटर उभं राहिलं. ओव्हरकोट दारातल्या ‘गार्देरोब’मध्ये द्यायचा, बिल्ला घ्यायचा, कोट घालून आत बसणं असभ्य समजतात. मध्यंतरात खुर्चीला चिकटून राहू नका, बाजूच्या सहा दालनांत फिरा. बुखारा, समरकंद, खिवा अशा प्रत्येक प्रांताच्या कारागिरीचं एकेक दालन आहे, आणि ओल्या प्लास्टरवर हातानं कोरलेली ती नक्षी तुम्हाला एरवी हजार किलोमीटर फिरून बघावी लागेल. नऊ वर्षांचं पोर तीन तास टिकणार नाही. पहिल्या अंकानंतर निघालात तरी चालतं, तिकिटं आपल्या मानानं स्वस्त आहेत.

बर्फाचं काय? तो शहरात शोधू नका, डोंगरावर जाऊन आणा. ताश्कंदपासून साधारण ७० किलोमीटरवर चिमगानचा परिसर आहे आणि तिथे डिसेंबर २०१९ पासून आमिरसोय नावाचं नवं स्की केंद्र चालू आहे. बंद काचेच्या डब्यातून सुमारे २,३०० मीटरपर्यंत वर जाता येतं, त्यामुळे सासूबाईंनाही न चालता बर्फ दिसेल. मुलासाठी घसरगाडी, बर्फाचे कपडे, सगळं भाड्यानं मिळतं. त्यासाठी पुण्यात खरेदी करू नका. शनिवार-रविवार आणि ३१ तारीख टाळा, अर्धं ताश्कंद तिथे असतं. खरं सांगायचं तर डिसेंबरअखेर बर्फ कधी भरपूर, कधी फक्त वरच्या टोकाला असतो. मुलाला वचन देऊ नका. बर्फच सगळ्यात महत्त्वाचा असेल तर जानेवारीच्या मध्यावर जा. गाडी ठरवताना हिवाळी टायर आहेत का ते डोळ्यांनी बघा, कारण शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे.

समरकंद एका दिवसात करता येतं. अफ्रोसियोब ही वेगवान गाडी ३४४ किलोमीटर दोन-सव्वादोन तासांत कापते. ‘रेगिस्तान’ नावाच्या तिथल्या प्रसिद्ध चौकात हिवाळ्यात चिटपाखरू नसतं, हे ज्यानं एप्रिलची गर्दी पाहिलीय त्यालाच कळेल. पण तुमच्या पाच दिवसांत आमिरसोय आणि समरकंद दोन्ही कोंबाल तर सासूबाई थकतील. एकच निवडा, आणि समरकंद निवडलंत तर गाडीचं तिकीट आधी, विमानाचं नंतर, असं मी गमतीनं म्हणते. वर्षअखेरीस जागा खरंच संपतात.

तुमच्या तारखांबद्दल एक गोष्ट. नववर्ष हा तिथला घरगुती सण आहे, सोव्हिएत काळापासूनचा. चौकाचौकांत सजवलेली झाडं, ‘कोरबोबो’ म्हणजे बर्फआजोबा आणि त्यांची नात ‘कोरकिझ’, पोरांची झुंबड. ३१ ची संध्याकाळ बाहेर छान जाते, पण रात्री सगळे घरी जेवतात, आणि १ जानेवारीला दुपारपर्यंत शहर झोपलेलं असतं. दुकानं, संग्रहालयं बंद. त्या सकाळचं खाणं आदल्या दिवशी आणून ठेवा. १ तारखेचं परतीचं विमान असेल तर उत्तमच, वाया काही जात नाही.

हवेबद्दलही सांगायला हवं, कारण जाहिरातीत ते नसतं. गेल्या काही हिवाळ्यांत ताश्कंदची हवा फार वाईट होते. कोळसा जाळून ऊब करतात, गाड्या वाढल्यात, आणि वारा पडला की धुकं आणि धूर शहरावर झाकणासारखा बसतो. सासूबाईंना दमा असेल तर एन-९५ मास्क न्या आणि सकाळी फोनवर हवेचा आकडा बघूनच बाहेर पडायचं ठरवा. असा दिवस डोंगरावर जायला चांगला, वर ऊन असतं.

हेच धुकं विमानांनाही अडवतं, आणि दिल्लीचं धुकं त्यात भर घालतं. दिल्लीत विमान बदलणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर भारतीय कंपनीची ताश्कंद सेवा थांबली. उझबेक कंपनीच्या विमानांना ती अडचण नाही. तिकीट काढताना कोणती कंपनी, कोणता मार्ग हे नीट वाचा. व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशासाठी ३० दिवसांचा, २० डॉलर शुल्क. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. पैशांसाठी डॉलरच्या कोऱ्या करकरीत नोटा न्या, घडी पडलेली नोट परत करतात. २०१७ पूर्वी शंभर डॉलरचे सोम, म्हणजे तिथलं चलन, आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणायचो. आता एटीएम, कार्ड सगळं चालतं, पण बाजारासाठी रोख ठेवा.

औषधांचं सगळ्यात गंभीरपणे घ्या. झोपेच्या, चिंतेवरच्या आणि काही जोरकस वेदनाशामक गोळ्यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी ट्रामाडॉलही त्यात येते. सासूबाईंच्या डबीतल्या सुट्या गोळ्या नेऊ नका. मूळ पाकीट, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, आणि शंका असलेली गोळी आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. ड्रोनही घरीच ठेवा.

राहिला पुतळा. ताश्कंद करारावर शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांनी १० जानेवारी १९६६ ला सह्या केल्या, आणि त्याच रात्री, ११ तारखेच्या पहाटे, शास्त्रीजी गेले. बरोबरच्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते, हे सासूबाईंना ठाऊक असेलच. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अयूब खान आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन दोघंही होते. शास्त्रीजींच्या नावाच्या रस्त्यावर त्यांचा अर्धपुतळा आहे. त्यांच्या नावाची एक शाळा आहे, तिथे हिंदी शिकवतात, आणि भारतीय सांस्कृतिक केंद्रही त्यांच्याच नावाचं आहे. टॅक्सीवाल्याला ‘शास्त्री’ एवढंच सांगून पुरतं, आणि तो वयस्क असेल तर वाटेत राज कपूरचं गाणं म्हणून दाखवेल. जागा छोटी आहे, दहा मिनिटांत बघून होते, पण सासूबाईंसाठी अर्धा तास ठेवा. दुपारी बाराच्या सुमाराला न्या, तेव्हा जमीन कोरडी असते.

फुलं न्यायची असतील तर वाटेतल्या दुकानातून लाल कार्नेशन घ्या. तिथे जिवंत माणसाला विषम संख्येनं फुलं देतात, गेलेल्याला सम. आपण आहेरात एक रुपया वर घालतो ना, तोच हिशेब. फुलवाली पाच बांधायला लागली तर चार बोटं दाखवा. ती कुणासाठी म्हणून विचारणार नाही, मुकाट्यानं एक काढून ठेवेल.